स्प्रेड (फॅक्टर भाषा)
‘फॅक्टर’ या स्टॅक-आधारित (मूल्ये एकावर एक रचून ठेवणाऱ्या) प्रोग्रामिंग भाषेतील कॉम्बिनेटर, म्हणजे इतर फंक्शने चालवणारे फंक्शन. स्लावा पेस्तोव यांनी २००३ मध्ये ही भाषा सुरू केली. स्प्रेडला फंक्शनांची यादी दिली की पहिले फंक्शन स्टॅकवरील पहिल्या मूल्यावर, दुसरे दुसऱ्यावर, असे क्रमाने चालते. स्टॅकवर ५ आणि ७ असतील आणि यादीत ‘१ मिळवा’ व ‘दुप्पट करा’ ही फंक्शने असतील, तर ६ आणि १४ उरतात. स्टॅकमध्ये खोलवरच्या मूल्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्प्रेड ‘डिप’ हा दुसरा कॉम्बिनेटर वापरतो; तो वरचे मूल्य तात्पुरते बाजूला ठेवतो, काम उरकल्यावर परत आणतो. त्यामुळे मूल्यांची अदलाबदल हाताने करावी लागत नाही. एकाच मूल्यावर सगळी फंक्शने चालवणारा ‘क्लीव्ह’ याहून वेगळा.