मूल कुणाच्या कडेवर?

आपल्याकडे स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगायचा म्हटला की तो सनावळीने सांगतात. अमक्या साली पहिली शाळा निघाली, अमक्या साली पहिली बाई मॅट्रिक झाली, अमक्या साली पहिली पदवीधर. मीही वर्गात तो तसाच शिकवते, कारण परीक्षेत तसाच विचारतात. परंतु हा इतिहास वाचताना एक साधा प्रश्न माझ्या मनात नेहमी डोकावतो, आणि त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ही बाई पुस्तक घेऊन बसली, तेव्हा तिचे मूल कुणाच्या कडेवर होते?

मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेची नोकरी आणि चार कादंबऱ्या एवढाच माझा संसार. पण गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. रंगमंचावर कोण उभे आहे ह्यापेक्षा पडद्यामागे दोरी कोण ओढते आहे, हे पाहावेसे वाटते. दिवाळीच्या निवांत दुपारी वाचकहो, आपण जरा त्या पडद्यामागे डोकावू.

पहिली गोष्ट पंडिता रमाबाईंची. १८८१ साली त्यांना मुलगी झाली, मनोरमा. पुढल्याच वर्षी, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. आईबाप दुष्काळात आधीच गेलेले, भाऊही गेलेला. चोवीस वर्षांची ही विधवा तान्ही पोर घेऊन पुण्यास आली, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाची तजवीज करून १८८३ साली विलायतेस निघाली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होतीच.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आसरा मिळाला. तो धर्मादाय नव्हता. हिंदुस्थानात येऊ पाहणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवीत, आणि त्याच्या मोबदल्यात आपले शिक्षण घेत. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या एकाच वेळी विद्यार्थिनी होत्या आणि संस्कृतच्या अध्यापिकाही. म्हणजे आज ज्यांना आपण ‘नोकरी करून शिकणाऱ्या माता’ म्हणतो, त्यांच्यातली ही एक आद्य मराठी आई. मनोरमेच्या सांभाळात वाँटेजच्या भगिनींचा मोठा हातभार होता. त्या हातभाराने रमाबाईंना वेळ मिळाला. पण त्याबरोबरच एक ओझेही आले. मुलीला धर्माचे काय शिकवायचे, हे आईने ठरवायचे की सांभाळणाऱ्यांनी, ह्यावर रमाबाईंचा आणि त्या मंडळींचा पत्रांतून चांगलाच खटका उडाला. स्वतः बाप्तिस्मा घेतलेली ही बाई, पण मुलीच्या बाबतीतला आईचा अधिकार तिने सोडला नाही.

मला ह्या प्रसंगात फार मोठा अर्थ दिसतो. मदत करणारा हात बहुतेक वेळा मालकीही सांगू लागतो. सासूने नातू सांभाळला तर सुनेच्या शिक्षणावर तिचा शब्द चालतो. संस्थेने सांभाळला तर संस्थेचा. मदत घ्यायची, पण आईपण गहाण टाकायचे नाही, ही रमाबाईंची लढाई आजही संपलेली नाही.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी. आनंदीबाईंचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन दगावले होते, आणि वैद्यक शिकण्याच्या निश्चयामागे ते दुःख होते, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. परदेशात त्यांना घर दिले ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी; आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पदवीदानाची तारीख ११ मार्च १८८६. तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले. आणि आणखी चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्याच शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने प्राध्यापक धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुण्यात पुनर्विवाह केला. तीच आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. एकाच तारखेच्या ह्या तीन घटना योगायोगाच्या असतील. पण एका बाईचे शिकणे दुसरीच्या हाताला कसे लागते, हे त्या छान दाखवतात.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग चिखल तुडवीत हिंगण्यास जायचे, ही अण्णांची पायपीट आपण आदराने सांगतो, आणि सांगावीच. पण त्या वेळी पुण्यातल्या घरात काय चालले होते? सावत्र मुलगा रघुनाथ आणि स्वतःचे शंकर, दिनकर, भास्कर, घरातला पैपाहुणा, शेजारपाजारचा बहिष्कार आणि तुटपुंजा पगार, हे सारे बायांच्या पदरात होते. अण्णांची पावले हिंगण्याच्या वाटेवर पडू शकली, कारण घरी कुणीतरी पाय रोवून उभे होते. बायांनी पुढे ‘माझे पुराण’ लिहिले, म्हणून तरी आपल्याला ती दुसरी बाजू कळली.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य आले. तीन अपत्यांपैकी एकच मुलगा उरलेला. अक्षरओळख म्हणाल तर जवळजवळ नाही. अशी बाई वयाच्या सव्वीसाव्या वर्षी पाटी हातात घेते, हे कशाच्या बळावर? मुलाच्या शिक्षणाचा भार बहीण-मेहुण्यांनी उचलला, हे त्याचे उत्तर. पुढे पार्वतीबाई हिंगण्याच्या आधारस्तंभ झाल्या. आश्रमाचे स्वयंपाकघर सांभाळले, गावोगाव भाषणे करून निधी गोळा केला, १९१२ साली केशवपनाची चाल टाकून दिली, आणि १९१८ साली, चाळिशी उलटून गेल्यावर, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेची वाट धरली. तिथे घरकाम करून पोट भरले आणि १९२० साली परत आल्या. ‘माझी कहाणी’ ह्या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी कुठलाही आव न आणता सांगितले आहे. कुणी एकाने एक मूल सांभाळले, तर त्यातून शेकडो मुलींची शाळा कशी उभी राहते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

घरातल्या माणसांनी केले ते असे. संस्थांनी काय केले? इथे मला पुण्याच्या सेवासदनाचे मोठे कौतुक वाटते. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनी ते सुरू केले. रमाबाईंना स्वतःला सासरच्या बायकांचे टोमणे झेलत, चोरून पुस्तक उघडावे लागले होते. त्यामुळे प्रौढ बायकांसाठी वर्ग काढायचे ठरले तेव्हा ते दुपारचे काढले. सकाळचा स्वयंपाक आटोपलेला, संध्याकाळची चूल पेटायला अवकाश, पुरुषमंडळी कचेरीत: तेवढीच काय ती बाईची मोकळी वेळ. वेळापत्रक शाळेच्या सोयीने नव्हे, तर शिकणारीच्या संसाराच्या सोयीने आखायचे, ही कल्पना वरवर क्षुल्लक वाटते. पण ती सुचायला संसार केलेले माणूस लागते.

अण्णासाहेबांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, त्यातही हीच दृष्टी होती. शिक्षण मातृभाषेतून, आणि कॉलेजात रोज येणे जमत नसेल तिला घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा. मोठमोठ्या लोकांनी तेव्हा नाके मुरडली. ही काय विद्यापीठाची रीत झाली, म्हणाले. १९२० साली ठाकरसी ह्यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि १९५१ साली त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली. १९८९ साली नाशकात मुक्त विद्यापीठ निघाले, तेव्हा घरबसल्या शिकण्याची रीत सर्वांनाच पटलेली होती.

कर्व्यांच्याच घरातली सून इरावतीबाई. १९२८ साली त्या बर्लिनला शिकायला जायच्या होत्या, तेव्हा स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या सासऱ्यांनीच विरोध केला होता. गंमतच म्हणायची! पण नवरा दिनकरराव पाठीशी उभे राहिले. इरावतीबाईंनी १९३९ पासून डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे संशोधन केले, त्यासाठी मुलुख पायाखाली घातला, तीन मुले वाढवली आणि ‘युगान्त’ लिहिले. दिनकरराव स्वतः रसायनाचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे प्राचार्य. पण घराचा व्यवहार त्यांनी आपल्याकडे घेतला होता. इरावतीबाईंची स्कूटर पुणेकरांनी डोळे विस्फारून पाहिली. त्यांचे घर मात्र कुणी तितक्या बारकाईने पाहिले नाही. पाहिले असते, तर नवऱ्याने नुसती परवानगी देणे आणि नवऱ्याने खांदा देणे ह्यांतला फरक कळला असता.

आता जरा पुणे सोडून कोसबाडच्या टेकडीवर जाऊ. ताराबाई मोडक ह्या स्वतः पदवीधर, आणि आपल्या लहान मुलीला एकटीने वाढवणाऱ्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीस आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, हे पाहू गेल्यावर कारण समोरच दिसले: प्रत्येकीच्या कडेवर धाकटे भावंड! मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. तिला नाव दिले विकासवाडी. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. मुलीला ‘भावंड घरी ठेवून ये’ असे न सांगता ‘भावंडाला घेऊनच ये’ असे सांगणारी ही शाळा. विद्यापीठातल्या बाईला जे हवे असते, ते ह्या टेकडीवरच्या पोरीला हवे होते त्याहून वेगळे नाही.

आज कायदे पुष्कळ झाले आहेत. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर असावे असे ठरले. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१६ साली पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंतची रजा आणि प्रबंध पुरा करण्यास दोन वर्षांची जादा मुदत दिली. रमाबाईंना हे ऐकून केवढे समाधान वाटले असते!

पण कागदावरची रजा आणि हातात पडणारी रजा ह्यांत अंतर असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. तिला तासाचे पैसे मिळतात; तास नाही तर पैसा नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्यात ती वर्गात उभी होती. कॉलेजात पाळणाघर आहे का, म्हणून विचारले तर ती हसली. म्हणाली, “बाई, आमच्याकडे बायकांना बसायला खोली मिळाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.” तिचे बाळ तिची आई सांभाळते, आणि त्यासाठी त्या माउलीने आपले शिवणकाम बंद केले आहे. एका बाईचे प्राध्यापक होणे दुसरीच्या शिलाईयंत्रावर उभे आहे.

पूर्वी एकत्र कुटुंबात हे प्रश्न नव्हते, असे म्हणणारे वडीलधारे मला भेटतात. मी त्यांना नम्रपणे सांगते की प्रश्न होते, फक्त ते विचारणारी बाई नव्हती. आजी नातवंड सांभाळते ते प्रेमाने, ह्यात संशय नाही. परंतु जे प्रेमाने केले त्याचा हिशेब ठेवायचाच नाही, ही रीत सोयीची असली तरी न्यायाची नाही. आणि ज्या घरात आजी नाही, बहीण नाही, दिनकररावांसारखा नवरा नाही, तिथल्या मुलीने काय करायचे? तिच्यासाठीच तर संस्था असते. नशिबाने एकीला मिळाले ते नियमाने सर्वांना मिळावे, एवढेच संस्थेचे काम.

हिंगण्याच्या संस्थेची एक जुनी प्रथा आहे, भाऊबीज निधीची. दिवाळीच्या दिवसांत स्वयंसेवक घरोघर जातात आणि शिकणाऱ्या बहिणींसाठी ओवाळणी म्हणून लहानमोठी रक्कम मागतात. ह्या कल्पनेचे मला फार अप्रूप वाटते. ओवाळणी ही भीक नव्हे. तो नात्याने आलेला हक्क आहे, आणि देणारा उपकार केल्याचा तोरा मिरवू शकत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला पाटावर बसाल, तबकात काही घालाल, तेव्हा समोरच्या बहिणीला एवढेच विचारा, की तुझे काही शिकायचे राहिले आहे का? ती “आता कुठले, पोरे लहान आहेत” म्हणेल. त्यावर पुढचे वाक्य तुम्ही बोलायचे आहे: “आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पोरे माझ्याकडे.” साडी वर्षभरात विरते. ही ओवाळणी विरायची नाही.