जुन्या गाडीचे स्टिअरिंग का भरकटते?

बारामती-इंदापूर मार्गावरील लासुर्णे येथून गळीत हंगामात उसाची आणि आषाढवारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीसोबतची अनेक जुनी वाहने जातात. मुक्कामाची सोय केलेली अशी गाडी सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे सरकू लागली, की दोष स्टिअरिंग बॉक्सला दिला जातो. ही घाई होय. प्रथम थंड टायरांतील हवा पाहावी. मागे सामान जादा असल्यास पुढील चाकांवरचा भार घटतो. मग चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग किंचित हलवावे, दुसऱ्याने खालून टाय रॉडचे सांधे न्याहाळावेत. हालचाल जेथे पुढे पोहोचत नाही, तेथे झीज. किंगपिनची ढिलाई मात्र चाक जॅकवर उचलल्यावरच कळते. बॉक्सचा स्क्रू अति आवळल्यास वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही.