सागवान आणि दगड : दोन वास्तू, एक सत्तांतर

१/८
आटगावहून लोकलने निघालेला प्रवासी दोनेक तासांत मुंबईच्या टोकाला पोहोचतो. तेथे फोर्टमध्ये ३० पायऱ्यांवर उभा असलेला टाऊन हॉल सर्वांनी पाहिलेला असतो. त्याची खरी गोष्ट मात्र पुण्यातील एका वाड्याशेजारी ठेवून वाचावी लागते.

२/८
तो वाडा म्हणजे विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ मध्ये पूर्ण करविला. बांधकामास सहा वर्षे लागली व सुमारे दोन लाख रुपये खर्च झाले. शनिवारवाड्यापेक्षा पेशव्याला हेच निवासस्थान अधिक प्रिय होते.

३/८
वाड्याची रचना अंतर्मुख असे. खाली दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये आकाशाकडे उघडा चौक. उजेड आणि वारा चौकातूनच घरात येई. विश्रामबागेचे सुरूदार खांब, केळफुले आणि नक्षीदार सज्जा हा मराठी सुतारकामाचा कळस होय.

४/८
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीरावाची रवानगी बिठूरला झाली. १८२१ मध्ये दख्खनचा आयुक्त विल्यम चॅप्लिन याच्या कारकिर्दीत याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मालक गेला, वास्तू राहिली.

५/८
त्याच सुमारास मुंबईत टाऊन हॉलचे काम सुरू झाले. ही कल्पना मूळची १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीच्या वर्तुळातली. लॉटरीतून निधी उभारण्याचे प्रयत्न झाले. पैसा अपुरा पडला, तेव्हा कंपनी सरकारने भार उचलला. आराखडा कर्नल थॉमस कूपर याचा. इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली.

६/८
युरोपात तेव्हा प्राचीन ग्रीसचे वेड होते. अथेन्सची शिल्पे १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतली होती. म्हणूनच मुंबईतही डोरिक खांब आले, तेही इंग्लंडहून जहाजाने! वाडा चौकाभोवती मिटलेला. टाऊन हॉल मात्र रस्त्याकडे तोंड करून, उंचावर. त्याच्या पायऱ्या चढतानाच नव्या सत्तेचा रुबाब जाणवावा, अशी ही रचना.

७/८
सागवानाचा खरा शत्रू आग. १८२८ मध्ये शनिवारवाडा सात दिवस जळत राहिला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. १८७९ च्या आगीत विश्रामबागेचाही एक भाग गेला. पेशवाई बुडाल्यावर अशा कामाला पूर्वीसारखा आश्रयदाता राहिला नाही. जे जळले, ते त्याच तोलाने पुन्हा उभे राहणे अवघड झाले.

८/८
म्हणून मराठी स्थापत्य म्हटले की डोळ्यांपुढे गडकोट येतात. ते दगडाचे, म्हणून टिकले. मराठी माणूस जेथे प्रत्यक्ष राहत होता, ते घर लाकडाचे होते. आपल्या गावात सागवानी खांबांचा जुना वाडा अजून उभा असेल, तर तो पाडला जाण्यापूर्वी त्याचे मोजमाप आणि छायाचित्रे अवश्य करून ठेवावीत. इतिहासाचा तोच भाग सर्वांत आधी नाहीसा होतो.