काजूआधीची फेणी

फेणी म्हटलं की काजूच डोळ्यांपुढे येतो. गोव्याची भट्टी मात्र काजूपेक्षा जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माडाच्या सुरेपासून दारू गाळण्याचं वर्णन आहे. काजूचा उल्लेखही नाही. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगिजांनी आणलं. १५७८ मध्ये आकोस्ता या दुसऱ्या वैद्याने त्याचं वर्णन केलं, तेही कोचीच्या बागांमधलं. म्हणजे काजूचा रस माडाच्या भाणात, म्हणजे दारू गाळण्याच्या भांड्यात, मागाहून आला.

ओर्ताची एक नोंद मला फार मोलाची वाटते. गाळलेल्या दारूतल्या अस्सल, कडक भागाला लोक ‘फुला’ म्हणत आणि उरलेल्या सौम्य भागाला ‘उर्राक’. एकाच भाणातून सुरुवातीला एक आणि शेवटी दुसराच माल उतरतो, हे त्या गाळणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १००ला. तरी आधी सगळं अल्कोहोल आणि मग पाणी, असं घडत नाही. दोघांची वाफ एकत्रच निघते, फक्त तिच्यात अल्कोहोलचा वाटा मोठा असतो. द्रवातल्या शंभर रेणूंत पाच अल्कोहोलचे असतील, तर वाफेतल्या शंभरांत ते तिसांहून जास्त भरतात. ही वाफ थंड करून बाजूला काढत गेलं की भाणातला द्रव फिका पडतो, त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि पुढची धारही फिकी होते. या उताराचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९०२ मध्ये मांडलं. तोवर भट्ट्या कित्येक पिढ्या पेटत होत्या.

एका उकळीत फार कडक माल मिळत नाही. काजूच्या आंबवलेल्या रसातून पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. त्यात पुन्हा आंबलेला रस घालून भाण चढवलं की ४२ टक्क्यांच्या आसपासची फेणी हाती येते.

आयर्लंडच्या कॉफी यांनी १८३० मध्ये दारू गाळण्याच्या, अखंड चालणाऱ्या स्तंभाचं पेटंट घेतलं. गोव्यात भाणच टिकलं, आणि ते योग्यच झालं. स्तंभ अखंड चालवायला रसही अखंड हवा; काजूच्या बोंडांचा हंगाम मात्र उन्हाळ्यापुरता, रस रोज गळतील तेवढ्याच बोंडांचा. शिवाय जो वास स्तंभात बराचसा मागे राहतो, त्याच्यासाठीच तर फेणी प्यायची.

२००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीला. माडाची फेणी त्या नोंदीबाहेर राहिली, आणि हा मला तिच्यावर अन्याय वाटतो.