सापाच्या मादीची प्रजननक्षमता

सापाची मादी गर्भधारणेचा आणि अंडी किंवा पिले देण्याचा शारीरिक भार पेलण्यास समर्थ झाली आहे किंवा नाही, हे ठरविणे म्हणजे तिच्या प्रजननक्षमतेची पारख होय. परदेशांत जेथे साप हौसेने पाळले जातात तेथे हा संगोपनाचा नित्याचा विषय आहे. भारतात देशी साप पाळणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे तो प्राणिसंग्रहालये, सर्पोद्याने आणि साप सोडविणारे सर्पमित्र यांच्यापुढे येतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या बागायती तालुक्यांत तर प्रश्नाचे रूपच पालटते. विहिरीतून, कांद्याच्या बराखीतून किंवा घराच्या ओट्याखालून पकडलेली मादी गाभण आहे काय, आणि असल्यास तिला कोठे व किती लवकर सोडावे, हे तेथे ठरवावे लागते.

शरीरातील साठा

मादीची क्षमता केवळ वयावर ठरत नाही. सापाची मादी प्रजननासाठी लागणारी शक्ती आधीपासून चरबीच्या रूपाने साठवून ठेवते. अंडाशयातील पुटकांमध्ये पीतक भरू लागते तेव्हा ही चरबी वेगाने खर्च होते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात अनेक जातींच्या माद्या खाणे जवळजवळ थांबवितात, त्यामुळे साठा अपुरा असेल तर तूट भरून निघत नाही. युरोपातील घोणसवर्गीय सापांच्या अभ्यासातून असे दिसून आले आहे की, साठा ठरावीक पातळीला पोहोचेपर्यंत मादी प्रजनन टाळते व दोन विणींमध्ये दोन-तीन वर्षांचेही अंतर पडते. दरवर्षी वीण झालीच पाहिजे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

पाळणाऱ्यांनी अनुभवावरून काही ठोकताळे बसविले आहेत. अमेरिकेतील कॉर्न स्नेक या सापाच्या मादीसाठी तीन वर्षे वय, तीन फूट लांबी आणि ३०० ग्रॅम वजन ही किमान मर्यादा धरतात. आफ्रिकेतील बॉल पायथनच्या मादीचे वय साधारण तीन वर्षे व वजन दीड किलोच्या आसपास असावे, असे मानले जाते. हे आकडे भारतीय जातींना जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि मूळ जातींतही ते अपुरेच आहेत. भरपूर खाऊ घालून अकाली वाढविलेली मादी वजनाला उतरते, पण तिचे शरीर तयार असतेच असे नाही. अंगाची ठेवण हा अधिक भरवशाचा निकष होय. पाठीचा कणा उठून दिसत असेल, कातडीला सुरकुत्या असतील किंवा कात तुकड्यातुकड्यांनी निघत असेल, तर मादीचे वजन पुरेसे असले तरी ती प्रजननास योग्य समजू नये. अशक्त मादीत अंडी आत अडकण्याचा धोका असतो आणि वेळीच उपचार न झाल्यास ती दगावते.

गाभण मादीची लक्षणे

मादीच्या शरीराचा मागचा तिसरा भाग लांबट व सलग फुगलेला दिसतो. भक्ष्य गिळल्याने येणारा फुगवटा एकाच जागी, बहुधा शरीराच्या मध्यभागी असतो व काही दिवसांत ओसरतो. दोहोंमधील हा फरक नवख्या सर्पमित्राने प्रथम शिकावा. गाभण मादीच्या बाजूचे खवले ताणले जाऊन मधली कातडी दिसू लागते. ती उबेच्या जागी अधिक काळ पडून राहते आणि अन्न नाकारते. अंडी घालण्यापूर्वी ती बहुधा एकदा कात टाकते; कॉर्न स्नेकमध्ये त्यानंतर एक-दोन आठवड्यांत, तर बॉल पायथनमध्ये सुमारे चार आठवड्यांनी अंडी येतात.

जाणकार पशुवैद्य बोटांच्या हलक्या स्पर्शाने पुटकांची माळ ओळखतात. सोनोग्राफी हा त्याहून सुरक्षित मार्ग आहे. अननुभवी माणसाने पोट दाबून पाहणे मात्र धोक्याचे असते, कारण त्याने अंडी फुटू शकतात. आणि विषारी सापाच्या बाबतीत जिवाशी गाठ असते.

समागम पाहिलेला नाही म्हणून मादी गाभण नाही, असे म्हणता येत नाही. अनेक जातींच्या माद्या नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवू शकतात. कुंडीतल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा साप तर या बाबतीत टोकाचे उदाहरण आहे. या जातीत सर्व माद्याच असून नराविना त्यांची वीण होते.

जुन्नर-आंबेगावातील हंगाम

या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या घनदाट पावसाचा, तर पूर्व भाग कमी पावसाचा आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज व पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यामुळे मधल्या पट्ट्यात ऊस, टोमॅटो, द्राक्षे व कांदा यांची शेती पसरली. ओलावा, उंदीर आणि बेडूक वाढले की सापही शेतावर येतात.

नागाची मादी साधारणपणे एप्रिल ते जुलै या काळात १० ते ३० अंडी उंदरांच्या बिळात किंवा वारुळात घालते. ती सुमारे दोन महिन्यांनी उबतात. मण्यारही अंडीच घालते. कालव्याकाठची पाणदिवड एका वेळी कित्येक डझन अंडी घालू शकते. घोणस, फुरसे, मांडूळ, हरणटोळ, चापडा आणि सह्याद्रीच्या मातीत राहणारे खापरखवले मात्र थेट पिलांना जन्म देतात.

यांत घोणस सर्वांत महत्त्वाची. तिची वीण मुख्यत्वे उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात होते आणि एका वेळी २० ते ४० पिले जन्मतात. ही पिले जन्मतःच विषारी असतात. खुरपणीचे दिवस नेमके हेच. वाकून, उघड्या हातांनी काम करणाऱ्या स्त्रियांना त्यांचा धोका अधिक, म्हणून जाड हातमोजे व उंच बूट यांचा आग्रह धरणे योग्य ठरते.

समजुती

शेतात एकमेकांना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी म्हणजे नर-मादीची जोडी, असे सर्वत्र मानले जाते. अशा जोडीवर कोरे वस्त्र टाकून ते घरात जपल्यास भरभराट होते, अशीही समजूत आहे. प्रत्यक्षात ते बहुधा दोन नरांचे द्वंद्व असते. प्रत्यक्ष समागमात साप बहुतांशी जमिनीलगतच असतात.

मांडुळाची गोष्ट अधिक खेदाची. गुप्तधनाच्या भ्रामक कल्पनेपायी त्याची चोरटी विक्री होते आणि वजनावर किंमत सांगितली जाते. वजनदार मांडूळ बहुधा मादी असते, कारण या जातीत माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. परिणामी वीण देणारी मादीच आधी पकडली जाते.

कायदा आणि सुटका

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी साप पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. या अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील परिशिष्टांत नोंदलेल्या विदेशी जाती बाळगणाऱ्यास त्यांची, तसेच त्यांच्या पिलांच्या जन्माची नोंद करावी लागते. या दोन तालुक्यांत पकडलेल्या सापाची माहिती जुन्नर वन विभागास देणे अपेक्षित आहे.

गाभण मादीला डब्यात किंवा पिशवीत कोंडून ठेवू नये, प्रदर्शनासाठी हाताळू नये आणि बळेच खाऊ घालू नये. तिला पकडलेल्या जागेपासून जवळच, वस्तीपासून दूर, आडोसा असलेल्या ठिकाणी शक्य तितक्या लवकर सोडावे. दूरच्या जंगलात सोडणे दयेचे वाटते, पण अपरिचित प्रदेशात साप निवाऱ्याच्या शोधात भटकतात व त्यांचे मरण्याचे प्रमाण वाढते. बंदिस्त असतानाच तिने अंडी घातल्यास ती ज्या बाजूवर पडली असतील त्याच बाजूवर, न उलटता, ओलसर माती किंवा कोकोपीटमध्ये ठेवून वन विभागाच्या स्वाधीन करावीत. कोंबडीच्या अंड्यांप्रमाणे ती फिरविल्यास आतील गर्भ मरण्याची शक्यता असते.