मुलांमधील मल्टिपल स्क्लेरोसिस: निदान कसे होते?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीच्या नसांचा आजार आहे. विजेच्या वायरवर प्लास्टिकचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचे संदेश अडखळू लागतात. एमएसच्या एकूण रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ टक्के जणांना पहिला त्रास वयाच्या १८ वर्षांआधी होतो. त्यातही बहुतेक मुले दहा वर्षांपुढची असतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि तो आईवडिलांच्या चुकीमुळेही होत नाही.

ही लक्षणे दिसल्यास

- काही दिवसांत एका डोळ्याने अंधूक दिसू लागणे, डोळा हलवताना दुखणे, लाल रंग फिका दिसणे
- हातपाय किंवा चेहरा बधिर होणे, मुंग्या येणे
- एक पाय ओढत चालणे, तोल जाणे
- एकाच्या दोन वस्तू दिसणे
- लघवी अडणे किंवा रोखता न येणे

शिवाजी पेठेत मुलांचा फुटबॉल ठरलेलाच. त्यामुळे मूल लंगडू लागले की पाय मुरगळला असेल, असेच आधी वाटते. अंधूक दिसते म्हटले की चष्मा आठवतो. पण मुरगळलेला पाय दुखतो. नसांच्या आजारात पाय न दुखताही कमजोर पडू शकतो.

एमएसच्या अशा त्रासाला डॉक्टर 'अटॅक' म्हणतात. अटॅक म्हणजे फिट नव्हे. यातील लक्षणे किमान २४ तास टिकतात आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. इथेच घरच्यांची फसगत होते. मूल बरे झाले म्हणून तपासणी सोडू नका, कारण आवरणाला झालेली इजा आत राहिलेली असू शकते.

त्याच दिवशी रुग्णालयात न्या: अचानक दिसेनासे झाल्यास, पायांतील शक्ती गेल्यास, लघवी अडल्यास, मूल गुंगीत असल्यास, असंबद्ध बोलू लागल्यास किंवा फिट आल्यास.

निदान कशावरून ठरते?

एमएस आहे की नाही हे सांगणारी एकच अशी चाचणी नाही. डॉक्टर तीन गोष्टी तपासतात: इजा एकापेक्षा जास्त जागी आहे का, ती वेगवेगळ्या वेळी झाली आहे का आणि दुसऱ्या एखाद्या आजाराने हे सारे अधिक चांगले समजते का. यासाठी जगभर 'मॅकडोनाल्ड निकष' वापरतात. अकरा वर्षांखालील मुलांना हे निकष लावताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

कोणत्या तपासण्या होतात?

*एमआरआय:* मेंदू आणि मणक्याचा एमआरआय ही सर्वात महत्त्वाची तपासणी आहे. यात क्ष-किरण नसतात. लहान मुलांना स्थिर राहण्यासाठी झोपेचे औषध द्यावे लागू शकते. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमुळे ताजे डाग उजळून दिसतात, त्यामुळे जुनी आणि नवी इजा वेगळी ओळखता येते.

*पाठीतील पाण्याची तपासणी:* 'पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते' ही भीती अनेक घरांत असते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, म्हणून ही भीती बाळगू नका. एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते. या पाण्यात 'ऑलिगोक्लोनल बँड' नावाची प्रथिने शोधतात आणि त्याच वेळी घेतलेल्या रक्ताशी तुलना करतात.

*रक्त:* 'मॉग' आणि 'अ‍ॅक्वापोरिन-४' या प्रतिपिंडांची तपासणी मुलांमध्ये फार मोलाची असते. गरजेप्रमाणे बी-१२ आणि संसर्गाच्या तपासण्याही करतात.

*डोळे:* व्हीईपी आणि ओसीटी या न दुखणाऱ्या तपासण्यांतून दृष्टीच्या नसेची इजा कळते.

एमएससारखे दिसणारे आजार

लहान मुलांमध्ये, विशेषतः गुंगी किंवा बेशुद्धी असल्यास, एडीईएम किंवा मॉग प्रतिपिंडांचा आजार असण्याची शक्यता जास्त असते. एनएमओ, मेंदूचा टीबी, बी-१२ ची कमतरता आणि काही आनुवंशिक आजारही वगळावे लागतात. हा फरक केवळ नावापुरता नाही. एमएसची काही औषधे एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात. म्हणून डॉक्टर काही महिने थांबून पुन्हा एमआरआय करू म्हणाले, तर तो निदानाचाच भाग समजा आणि ती तारीख चुकवू नका.

तुम्ही काय करू शकता?

- सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. पेठेतील कुटुंबांना सीपीआर रुग्णालय जवळ आहे. पुढे मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो.
- वहीत नोंद ठेवा: कोणता त्रास, कोणत्या तारखेला सुरू झाला, किती दिवस टिकला, तेव्हा ताप होता का. जुने लक्षण ताप, ऊन, खेळ किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर थोडा वेळ वाढत असेल, तर तेही लिहा.
- एमआरआयचा फक्त रिपोर्ट नव्हे, तर फिल्म आणि सीडीही जपून ठेवा. पुढचा एमआरआय तिच्याशीच ताडून पाहतात.
- स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी रक्ताचे नमुने घेतले का, हे विचारा. मात्र डॉक्टर तातडी आहे म्हणत असतील, तर उपचार थांबवू नका. स्टेरॉइड स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

निदान पक्के झाल्यास

मुलांमधील एमएस बहुतेक वेळा अटॅक आणि मधला बरा काळ अशा स्वरूपाचा असतो. आज अटॅक कमी करणारी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू करण्याचा फायदा होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे, त्यामुळे अक्षमतेच्या प्रमाणानुसार प्रमाणपत्र मिळू शकते. शाळेला आजाराची कल्पना द्या. दमणे, लक्ष न लागणे किंवा अक्षर बिघडणे हा आळस नसून आजाराचा भाग असू शकतो, हे शिक्षकांना माहीत असायला हवे.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या मुलाबाबतचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.