बसायची मुभा

पाठदुखी म्हटलं की आपण आयटीवाले खुर्चीबद्दल बोलतो. साथीदारांच्या पाठदुखीचा इतिहास मात्र उभं राहण्यापासून सुरू होतो.

१९व्या शतकातली नाचाच्या मैफलींची चित्रं झूम करून बघा. यजमान गादीवर, लोडाला टेकलेले. समोर नर्तकी. तिच्या मागे तबलजी आणि सारंगिये उभे, वाद्यं कमरेला कापडानं बांधलेली. लाकडी तबला आणि मातीचा किंवा धातूचा डग्गा पोटाशी लटकले, की शरीर पुढे ओढलं जातं. तोल सांभाळायला कमरेचे स्नायू सतत ताणलेले राहतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मोमेंटचं गणित. त्यात नर्तकी सरकेल तसं मागे मागे सरकायचं.

पुढे मैफलीतला तबलजी खाली बसला. मांडी घालून तासन्‌तास वाजवतानाही पाठ दुखतेच, पण निदान वजन जमिनीवर गेलं. तमाशातला ढोलकीवाला मात्र आजही ढोलकी कमरेला बांधून उभाच वाजवतो.

व्यायाम, शेक, पट्टा हे उपाय आहेतच. पण कोणाची पाठ किती दुखणार, हे बऱ्याचदा वाद्याआधी बैठकीच्या रिवाजानं ठरवलं. कलाकाराच्या तब्येतीचा इतिहास लिहायचा तर आधी विचारायला हवं: बसायची मुभा कोणाला होती?